दुकानाला दिलेला आशीर्वाद

शैलोबेकचा उजवा हात खांद्यापर्यंत गिऱ्हाईक कानिमबूबूच्या घरच्या धुराड्यात गेलेला असताना तिची सून मागून म्हणाली, "अता, तुम्ही तर गाजताय."

त्याने काजळीचा एक लोळ ओढून बादलीत टाकला आणि मान वळवली. सुनेच्या हातात फोन होता आणि ती ओठ दाबून हसत होती.

किर्गिझस्तानातल्या काराकोलमध्ये, जिथे म्हाताऱ्यांना आदराने 'अता' म्हणतात, चाळीस वर्षे तो घर तापवणाऱ्या विटांच्या भट्ट्या बांधत आला होता. नवी भट्टी पेटली की तो खोलीत खिळ्याला पांढरा रुमाल टांगायचा. तासाभराने रुमाल हुंगायचा. धुराचा वास आला तर एक शब्द न बोलता भट्टी पाडायचा आणि पुन्हा बांधायला घ्यायचा. अशा माणसाला गाजण्याशी काय देणेघेणे?

फोनवरच्या व्हिडिओत तो स्वतःच होता. दोन्ही तळहात उघडे, डोळे मिटलेले. मागे ढोलकं बडवल्यासारखं संगीत, आणि कोणीतरी कारागिरी करून त्याच्या तोंडातून पांढऱ्या वाफेचे लोटच्या लोट काढले होते.

त्याला लगेच आठवले. शरद ऋतूत झूराच्या मुलाने, तिलेकने, शाळेसमोर दुकान टाकले. झूरा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या घरची भट्टी शैलोबेकने बांधली होती. म्हाताऱ्या माणसाच्या आशीर्वादाशिवाय दुकान उघडायचे नाही ही रीत, म्हणून ती बोलवायला आली. त्याला मानाच्या जागी बसवले, चहा आणि बोरसोकं, म्हणजे पिठाचे तळलेले तुकडे, पुढे ठेवली. फळीवर रंगीत खोकी होती, पेनासारख्या चकचकीत कांड्या होत्या, हवेत खरबुजाचा वास होता. समोर शाळा, तेव्हा पेनं आणि अत्तरं असतील असे त्याला वाटले. आशीर्वाद मागणाऱ्याला आधी 'काय विकतोस' विचारणे असभ्यपणाचे. त्याने विचारले नाही. तिलेकने समोर धरलेल्या फोनकडे लक्ष न देता तळहात उघडून जे दर दुकानाला म्हणतात तेच म्हणाला: तुझा माल घराघरात जावो, कुठल्याही लेकराचा हात तुझ्या दारातून रिकामा न जावो.

"खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघा," सून म्हणाली आणि वाचू लागली. दोन ओळी वाचून ती थांबली. शैलोबेकने हात पुढे केला. तो सावकाश वाचणारा माणूस, काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावणारा, त्यामुळे एकही ओळ त्याच्यातून नुसती वाहून गेली नाही.

'अतांची दुआ लागली, आजची तिसरी कांडी संपवली.'

'खरबूज घ्या, घसा गोड होतो. आमीन.'

'आईला हे दाखवलं. आता काय बोलणार ती, म्हाताऱ्यानेच हो म्हटलंय.'

'मी सहावीत आहे, मला कोणती चालेल?' त्याखाली कोणा शहाण्याचे उत्तर: 'रासबेरी. हलकी असते.' आणि त्याखाली हसरी तोंडे, एकापुढे एक, अकरा.

"अता, बोट काढा," सून हळूच म्हणाली. "तुमच्याकडून बदाम दाबला गेला."

काचेवर काजळीचा ठसा उमटला होता आणि त्याच्याखाली लाल बदाम. शैलोबेकने बोट उचलले; बदाम तसाच राहिला.

बादली तिथेच ठेवून तो तशाच हातांनी तिलेकच्या दुकानात गेला. तिलेक उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. पोरगा उद्धट नव्हता. हाक मारली तर म्हाताऱ्याची कोळशाची गोणी खांद्यावर घेऊन येणाऱ्यातला होता. तो व्हिडिओ काढून टाक, असे शैलोबेकने सांगितल्यावर तो म्हणाला की माझं काढलं तरी उपयोग नाही, शंभर जणांनी उचललंय. आणि त्यात वाईट काय आहे? लोक प्रेमाने लिहितात. सिगरेट थोडीच आहे, व्हेप आहे, नुसती वाफ.

"धूर मला शिकवतोस?" शैलोबेक म्हणाला. "सहावीतल्या पोरांना विकतोस का, ते सांग."

"मी वय विचारतो, अता. ती अठरा सांगतात."

कोपऱ्यात खोकी लावत असलेली झूरा मान वर न करता म्हणाली, "दिलेला आशीर्वाद परत घेतात का कुणी?"

नाही घेत. पण उलटा देतात. तळहात जमिनीकडे आणि पालथे हात आभाळाकडे करून जो म्हातारा बोलतो, त्याचे बोलणे घर धुळीला मिळवते, अशी या मुलखाची समजूत. शैलोबेकने आजवर तसे केले नव्हते. त्याने हात उचलले आणि पालथे केले. झूराच्या हातातले खोके खाली पडले. "नको अता, माझं एकच लेकरू आहे," ती पुटपुटली.

तिलेक घाबरला नाही. त्याने फोन वर धरला होता आणि म्हातारा नीट मावावा म्हणून तो एक पाऊल मागे सरकत होता.

शैलोबेकने त्या छोट्या काचेकडे पाहिले. हा शापही उद्या फोनाफोनांवर फिरेल, त्याला कळले. यालाही ढोलकं लावतील, यालाही बदाम येतील. त्याने हात खाली घेतले, कोटाच्या खिशात घातले आणि तो घरी आला.

रविवार होता. त्याच्या सुनेने, बुरुलने, जेवण मांडले होते. मुलगा रशियात कामाला, त्यामुळे घरात तिघेच: तो, बुरुल आणि तेरा वर्षांची नात सायकाल. भट्टीशेजारी, सायकालच्या गादीच्या वर भिंतीत, खिळ्याला पांढरा रुमाल होता. ही भट्टी बांधली तेव्हापासूनचा. त्याने तो सवयीने हुंगला.

बाहेर गुडघाभर बर्फ, जानेवारी महिना, आणि रुमालाला खरबुजाचा वास.

जेवण झाले. बुरुलने तळहात उघडले, सायकालने उघडले. घरातल्या मोठ्याने आशीर्वाद दिल्याशिवाय पानावरून उठायचे नसते. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"कधीपासून?" त्याने सायकालला विचारले.

सायकालची मान खाली गेली. ती म्हणाली, "सगळे म्हणाले, तुझ्याच अतांनी आशीर्वाद दिलाय. तुला काय होणार आहे?"

बुरुलने मुलीकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. तिचे हात अजून उघडेच होते. सायकालचेही. शैलोबेकचे धुऊनही काजळी न गेलेले हात मांडीवर होते आणि तो ते उचलण्याचा प्रयत्न करीत होता. चहा गार झाला, वर सायीचा पापुद्रा धरला. भट्टी धूर नीट वर ओढत होती, धुराचा कणही खोलीत नव्हता.