काढून टाकलेलं नाव

दोघी जावा एकाच इस्पितळात कामाला होत्या. थोरली औषधांचं कोठार सांभाळायची, धाकटी कॉम्प्युटर. जिन्याखालच्या कपाटात एक छोटं यंत्र होतं. कर्मचाऱ्यांची नावं, पासवर्ड, कुणाला कुठलं दार उघडायची मुभा, सगळं त्याच्या मेमरी कार्डावर. ते कार्ड सारखं बिघडायचं आणि मग इस्पितळभर दारं अडून बसायची. नवं यंत्र मागितलं तर साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा.

धाकटीने पाळत ठेवली आणि कपाळाला हात लावला. कुणी दाराला नुसतं ओळखपत्र दाखवलं, तरी यंत्र ती वेळ लगेच लिहून ठेवत होतं. लिहून लिहूनच कार्ड झिजत होतं. मग तिने सगळं लिखाण आधी तात्पुरत्या मेमरीत साठवून, तासाने एकदम कार्डावर उतरवायची सोय केली. मध्येच वीज गेली तर तेवढं पुसलं जाणार होतं. पण जाऊन जाऊन काय जाईल, कोण कधी आलं एवढंच, असं तिने धरलं. कार्ड टिकलं. साहेब खूश झाले.

पुढे कोठारातल्या मदतनिसाला कामावरून काढलं. गोळ्या कमी भरत होत्या आणि संशय त्याच्यावर होता. थोरलीच्या सांगण्यावरून धाकटीने त्याचं नाव काढून टाकलं. थोड्याच वेळात वीज गेली. ती परत आली, तेव्हा यंत्राच्या लेखी तो कामावरच होता.

दुसऱ्या दिवशी थोरली जेवून आली तर तो कोठारात उभा.

"चष्मा राहिला होता. सवयीने ओळखपत्र लावलं, तर दार उघडलं," तो म्हणाला. "मॅडम, मोजून घ्या. मी थांबतो."

तिने खरंच मोजलं. एकही गोळी कमी नव्हती. तो चष्मा खिशात घालून निघून गेला.

थोरली तडक धाकटीकडे गेली. "त्याचं नाव काढलं होतंस ना?"

"काढलं होतं, ताई. पण कार्डावर उतरलं नव्हतं."

सगळं ऐकल्यावर थोरली रागावली नाही. दुसरा कुणी असता तर, एवढंच तिने विचारलं.

धाकटीने त्याच दिवशी लिखाणाची फोड केली. येण्याजाण्याच्या वेळा तासभर थांबतील. नावं, पासवर्ड आणि मुभा मात्र तिथल्या तिथे कार्डावर जातील. एक खोटं नाव घालून काढलं, स्वतःच प्लग उपटला, पुन्हा लावला. नाव गेलेलंच राहिलं.

थोरलीने साहेबांना गाठून सांगितलं, की तो चोर असेल असं तिला आता वाटत नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याला परत घेतलं मात्र नाही.