वेशीपर्यंतची हातगाडी

मित्रांनो, माझ्यात फुलं लावली आहेत म्हणून मला कुंडी समजू नका. मी एक जुनी हातगाडी आहे. माझ्याशेजारी उभं राहून खुशाल फोटो काढा, पण आधी माझे चार शब्द ऐकून घ्या.

आमचं गाव लहान आणि फार जुनं. भोवती दगडी तट, आत यायला एकच वेस. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोर दोन जाडी माणसं आली तर एकाला पोट आत ओढून भिंतीला चिकटावं लागतं. मोटार वेशीपाशीच थांबते. तिथून पुढे आपले पाय, नाहीतर मी. सुतारानं माझं माप गल्लीवरूनच घेतलं होतं. सगळ्यांत अवघड वळणावर दोरी धरून त्यानं लांबीरुंदी मोजली आणि त्याहून चार बोटं कमी ठेवून मला बांधलं. चाकांवर लोखंडी धावा चढवून तो म्हणाला, "ही कुठे अडकली तर मी रंधा हातात धरणार नाही." मी कधी अडकले नाही.

माझ्या मालकांना सारं गाव सावकाशभाऊ म्हणतं. वेशीकडचा उतार गुळगुळीत दगडांचा. मला पुढून अंगानं अडवत ते उतरायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "सावकाश, सावकाश." तेच नाव पडलं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. वहिनी म्हणायच्या, "अहो, लग्नालासुद्धा हे सावकाशच आले. मी आपली दारात वाट बघत्येय!"

पिठाची पोती, कोळसा, कपाटं, शाळेचे बाक, सगळं मी वाहिलं. पण माझं खरं काम वेगळंच होतं. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी बाळंतपणात अडली, की "भाऊ!" अशी हाक यायची. वहिनींनी एक गादी कायम गुंडाळून दारामागे ठेवलेली असे. ती माझ्यावर पसरायची, माणसाला निजवायचं आणि निघायचं. वेस पाच मिनिटांत गाठायचो आम्ही. समोरच्या मास्तरीणबाईंची मुलगी तर वेस येण्याआधी माझ्यावरच जन्मली. त्या दिवशी भाऊंनी मला दोनदा धुतलं आणि दोन्ही वेळा हसत होते.

पुढे वरून हुकूम आला की हे गाव जसंच्या तसं जपायचं. खिळा ठोकायचा तरी परवानगी. वहिनींच्या खिडकीची चौकट कुजली, ती बदलायच्या परवानगीला दोन वर्षं लागली. दोन्ही हिवाळे त्यांनी फटीत चिंध्या कोंबून काढले. जपायला गाव होतं, माणसं कुणाच्या ध्यानातच नव्हती. तरुण मंडळी एकेक करून निघून गेली. त्यांची कपाटं, पाळणे वेशीपर्यंत मीच नेऊन सोडले. परतताना रिकामी चाकं दगडांवर फार खडखडायची, ते मला आवडायचं नाही. घरांची पाहुण्यांसाठी लॉजं झाली. वहिनी भांडी घासत असल्या तरी कुणीतरी परका दारातून डोकवायचा, "वा, काय सुंदर आहे हो!" वहिनी म्हणायच्या, "या ना, घासून बघा."

एके दिवशी नगरपालिकेतले साहेब आले. म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी म्हणजे गावाची शान. चौकात ठेवू, फुलं लावू, वर तुमच्या नावाची पाटी."

हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे! भाऊंचा चेहरा खुलला. वहिनी मात्र म्हणाल्या, "फुलं लावा हवी तर, पण चाकं मोकळी राहू द्या. गल्लीत उरलंय कोण? सगळी म्हातारीकोतारी."

"उतारावर घसरली तर कुणाला तरी लागेल," साहेब म्हणाले. "चाकं सिमेंटात बसवावीच लागतील."

भाऊ पाटीच्या नमुन्याकडे बघत म्हणाले, "असू दे गं. आता कोण बसतंय तिच्यावर?"

चाकांवर गार सिमेंट पडलं. खोटं कशाला सांगू, दोन महिने मलाही कौतुक गोड लागलं. भाऊ धुतलेला शर्ट घालून माझ्याशेजारी उभे राहायचे.

मग एका दुपारी वहिनी चुलीपाशी कोसळल्या. मास्तरीणबाईंनी फोन केला. रुग्णवाहिका दहा मिनिटांत वेशीपाशी आली. तिचं लांब स्ट्रेचर आमच्या वळणात अडकलं, काही केल्या पुढे जाईना. भाऊ धावत माझ्याकडे आले. दोन्ही हातांनी माती उपसली, फुलं उपटून फेकली आणि दांडा धरून ओढायला लागले. "लवकर! लवकर!" असं ओरडत होते. जन्मात पहिल्यांदाच मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. भोवतीच्या पाहुण्यांना वाटलं, काहीतरी खेळ चालला आहे. ते फोटो काढत राहिले, एकानं तर टाळ्या वाजवल्या. मी सगळा जीव लावला हो, पण हलले नाही. शेवटी दांडा मोडून भाऊंच्या हातात आला.

वहिनींना खुर्चीत बसवून नेलं. वाटेत चारदा खाली ठेवावं लागलं. वेस येईपर्यंत त्यांचा श्वास थांबला होता.

पंधरा दिवसांत माझ्यात नवी फुलं लागली. दांडाही खिळे मारून जोडला. नावाची पाटी भाऊंनी स्वतः उचकटून काढली. आता रोज सकाळी ते छिन्नी-हातोडी घेऊन येतात आणि चाकांभोवतीचं सिमेंट फोडत बसतात. साहेबांनी येऊन सांगितलं, "भाऊ, ही संरक्षित वस्तू आहे. दंड होईल."

"माझी बायको संरक्षित नव्हती, साहेब," भाऊ म्हणाले आणि पुन्हा हातोडी मारायला लागले.

काल ते मास्तरीणबाईंना म्हणाले, "बैल गेला नि झोपा केला, अशी माझी गत. आता फोडून काय मिळणार आहे?"

मास्तरीणबाई ऐंशीच्या. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवत म्हणाल्या, "अहो, एक म्हातारी म्हैस अजून आहे ना गोठ्यात. फोडा तुम्ही." वहिनींची गादी आता त्यांच्या दारामागे गुंडाळून ठेवलेली आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका. फुलं सुकली तर दुसरी मिळतात. माझं डावं चाक मोकळं झालं आहे, उजवं अजून अडकलेलं आहे. तुमचा फोटो काढून झाला असेल तर जरा बाजूला सरका. भाऊंना हातोडी उचलायला जागा लागते.