समुद्रगाय

नबीलाल सकाळपासून तोंड पाडून होता, आणि ते काही बोट लागल्यामुळं नव्हे. कोल्हापूरची पक्षीमित्र मंडळी छोट्या जहाजातून अंदमानची बेटं बघत फिरत होती, आणि त्याचा जिवलग दोस्त बाळासो पुढच्या टोकाला त्या विजयसिंहाच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

घरी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर दोघांत एकच दुर्बीण असायची. ज्याला पाखरू दिसेल त्यानं आधी दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यायची, मग तोंड उघडायचं, असा त्यांचा रिवाज. आज विजयसिंहानं आपली जादा दुर्बीण पुढं केली आणि या शहाण्यानं ती लगेच गळ्यात घातलीसुद्धा!

विजयसिंह म्हणजे बडं प्रस्थ, तोफेएवढी लेन्स घेऊन आलेलं. नबीलालचा शाहूपुरीत फोटो स्टुडिओ, पण त्या तोफेपुढं त्यानं आपला कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही. बाळासो विजयसिंहाच्या कानाला लागायचा, मग दोघं मागं वळून नबीलालकडं बघत हसायचे. सवतीवर जळावं तसा नबीलाल जळत होता.

बाळासो आला होता तो फक्त समुद्रगाय बघायला. कोडोलीत त्याचा म्हशींचा गोठा. "पाण्याखाली गवत चरती म्हणं. बघितल्याबिगर माघारी येणार न्हाय," असं सांगून त्यानं साऱ्या गावाचं डोकं खाल्लं होतं. आणि आज फिरतीचा शेवटचा दिवस.

दुपारी नबीलाल मागच्या कठड्याला एकटाच उभा होता. समोरच्या उथळ पाण्यात एक करडी पाठ वर आली. जाड ओठांचं तोंड, फुस्स करून सोडलेला श्वास, आणि कुशीला चिकटलेलं पिल्लू. त्याचा हात दुर्बिणीचा पट्टा काढायला गळ्याशी गेला. तेवढ्यात पुढून बाळासोचं खो खो हसणं ऐकू आलं.

बघ म्हणावं आता तुझ्या नव्या दुर्बिणीतनं! नबीलालनं दुर्बीण स्वतःच्याच डोळ्याला लावली आणि जनावर बुडेपर्यंत तोंड मिटून बघत राहिला.

रात्रीच्या जेवणाला बाळासो शेजारी येऊन बसला. "दिसली का रं तुला?"

"न्हाय," नबीलाल ताटातून मान वर न करता म्हणाला.

"मलाबी न्हाय. असू दे. हे बघ." बाळासोनं विजयसिंहाचा कॅमेरा पुढं धरला. "जलमभर लोकांचं फोटू काढलंस, तुझा धड एक फोटू न्हाय. सकाळधरनं साहेबांच्या मागं लागलोतो, आमच्या नबीचा झ्याक फोटू काढा म्हणून. दुपारी वरच्या मजल्यावरनं गुपचूप काढलाय त्यांनी."

नबीलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळासो कौतुकानं फोटो मोठा करत गेला. कठडा दिसला, डोळ्याला लावलेली दुर्बीण दिसली, मग ती जिथं रोखली होती तिथलं पाणी दिसलं. तिथं त्याचं बोट थांबलं. गोठ्यातल्या माणसाला जनावराची पाठ ओळखायला वेळ लागत नाही.

तो रागावला नाही. कॅमेरा त्यानं डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला.

"संगं रेडकूबी हुतं व्हय रं?" त्यानं हळूच विचारलं.