थंडीचे किडे

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की लॉन्ड्रीतल्या चाळीस बायका डबे घेऊन बॉयलरखोलीच्या भिंतीकडे धावत. आधी त्या ऊब घ्यायला धावत. त्या हिवाळ्यात त्या ऊबबाबांसाठी धावू लागल्या. भिंत तीच, ऊबही तीच, फक्त तिचं श्रेय आता बाबांकडे गेलं होतं.

बाबा पोत्यावर मांडी घालून बसत. समोर काळं ताट, शेजारी झाकलेला वाडगा. "ये माये, हात दे," असं म्हणून ते एखादीचा भेगाळलेला हात ओढून घेत. त्यावर करडा लेप फासत, फुंकर घालून तो वाळवत आणि मग अंगठ्याने चोळू लागत. बघता बघता हातातून बारीक करड्या अळ्या गळायला लागत.

"बघ, ही तुझी थंडी," बाबा म्हणत. "थंडी कातडीत शिरते, किडा होते, अंडी घालते. तेल लावलंस की किडा तेल पितो आणि माजतो. तेल बंद, मलम बंद. सकाळ-संध्याकाळ सोड्याच्या कढत पाण्यात हात बुडवायचे. अकरा दिवस. आणि शंका घ्यायची नाही. शंकेने राणी किडा तयार होतो."

किड्याच्या खाण्यापिण्याची एवढी माहिती खुद्द किड्यालाही नसेल.

माझं औषधांचं दुकान लॉन्ड्रीच्या फाटकासमोरच आहे. दिवसभर गरम पाणी, साबण आणि सोडा, वरून कोरडी थंडी. मग हात फुटणारच. दर हिवाळ्यात या बायका माझ्याकडून व्हॅसलीन नेत. त्या वर्षी डब्या फळीवरच राहिल्या. मी जरा बोलायला गेलो तर घड्या घालणारी मावशी फटकन म्हणाली, "तुमचा धंदा बसला म्हणून पोटात दुखतंय होय?" यावर काय बोलणार? बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. मी गहू घेऊन गप्प बसलो.

माझ्या वहिनी त्याच लॉन्ड्रीत इस्त्री करत. भाऊ वारल्यापासून त्यांचं पोट आणि माझ्या पुतणीचं कॉलेज त्यांच्या उजव्या हातावर चालायचं. त्यांना साखरेचा त्रास. अशा माणसाच्या हाताची भेग म्हणजे उघडं दार, हे मला माहीत होतं. त्यांनीही बाबांचे अकरा दिवस धरले होते, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या उजव्या तर्जनीतून रक्त येताना पाहिलं.

"वहिनी, हा सोडा थांबवा. डॉक्टरांकडे चला."

"दुखतंय म्हणजे किडा निघतोय, भावजी. बाबांनी सांगितलंय."

"किडा निघतोय, मग हात का सुजतोय? त्याला जाता जाता सामान बांधायचंय का?"

त्या हसल्या नाहीत. मी मात्र स्वतःच्या विनोदावर खूश होऊन दुकानात परतलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. थट्टा करायला मला वेळ होता, वाडग्यात काय आहे ते बघायला नव्हता.

सातव्या दिवशी बोट पिकलं. बाबांनी ते सगळ्यांसमोर वर धरलं. "हिने शंका घेतली. राणी किडा हिच्यात बसलाय. जपा गं, तो उड्या मारतो." त्या दिवसापासून बायकांनी वहिनींपासून डबे लांब नेले. घडीवाल्या मावशीने वहिनींनी इस्त्री केलेल्या चादरी चिमट्याने उचलायला सुरुवात केली. पंधरा वर्षं शेजारी उभी राहून काम केलेली बाई ही. वहिनी भिंतीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्यात बसून जेवायच्या. आपली श्रद्धा कमी पडतेय असं वाटून त्या पाणी आणखी कढत घ्यायला लागल्या.

दहाव्या दिवशी त्या तापाने फणफणल्या, तेव्हा मी त्यांना अक्षरशः उचलून इस्पितळात नेलं. पू हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टर चिडल्या होत्या. "तीन दिवस आधी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या. तर्जनी मुळापासून काढावी लागली.

इस्पितळातून सुटल्यावर वहिनी माझ्या दुकानात टेकल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत लेपाची डबी सापडली. बाबांनी घरी लावायला दिलेली. मी रागाने ती आपटली, तशी ती दुकानाच्या काचेच्या कपाटावर फुटून सांडली. थोड्या वेळाने वाळलेला लेप मी फडक्याने पुसायला गेलो, तर काचेवरून अळ्या गळायला लागल्या. बारीक, करड्या, हुबेहूब ताटातल्यासारख्या.

मी वहिनींना हाक मारली. त्यांनी डाव्या हाताने एक अळी उचलली, चुरगळली आणि नाकाशी नेली.

"भावजी, ही खळ आहे. आमच्याच पिंपातली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. टेबलक्लॉथना कडक करायची ती शिजवलेली खळ. रोज काम सुटताना प्रत्येक बाई हातावर वाळलेली खळ चोळून काढते, तेव्हा तिच्या अशाच वळकट्या होतात. फक्त त्या पांढऱ्या असतात. बाबांनी त्यात बॉयलरची राख घातली आणि चाळीस बायकांना त्यांचीच खळ ओळखता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत वहिनी हाताला पट्टी बांधून भिंतीपाशी गेल्या. मी मागे होतो. बायका सरकल्या. वहिनींनी बाबांसमोर चिनीमातीची बशी ठेवली.

"बाबा, हिची थंडी काढा."

बाबा हसले. "बशीला कातडी असते का, बाई?"

वहिनींनी वाडग्यात बोटं बुडवून बशीला लेप फासला, वाळू दिला आणि चोळला. बशीतून भराभर अळ्या पडल्या. बाबा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बघा, चिनीमाती मुळातच गार. तिच्यात किडे असणारच," ते म्हणाले, आणि सांगायला लाज वाटते, दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मग वहिनी आत गेल्या. पिंपातली वाटीभर खळ आणि चिमूटभर राख घेऊन आल्या. सगळ्यांदेखत कालवली आणि घडीवाल्या मावशीच्या मनगटावर लावून चोळली. मावशीच्या हातातून किडे पडू लागले. राणी किडा म्हणून वहिनींना लांब बसवणारी हीच मावशी. बॉयलरवाला खाली मान घालून म्हणाला की रोजची डबाभर खळ तोच पुरवत होता. तोवर बाबांनी ताट गुंडाळलं होतं. फाटकाबाहेर पडताना त्यांच्या खिशातून एक डबी पडली. माझ्याच दुकानातलं व्हॅसलीन. स्वतःचे हात ते त्यानेच सांभाळत होते.

"आम्हाला काय माहीत?" मावशी रडत म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. "शेजारणीचं बोट सडतंय, हे दिसत होतं ना?" त्या म्हणाल्या आणि पट्टी सावरत निघून गेल्या.

वाचकहो, थंडीत कातडी फुटते ती कोरडी पडते म्हणून. कातडीवरचा तेलकटपणा हेच तिचं पांघरूण. कढत पाणी आणि सोडा ते ओरबाडून नेतात. कोमट पाण्याने हात धुवा, टिपून घ्या, ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावा, पाण्यात काम असेल तर हातमोजे घाला. भेग पिकली, सूज चढली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखर असेल तर भेग दिसताच. आणि कोणी हातातून काही काढून दाखवलं, तर तेच बशीतून काढायला सांगा. एवढी चौकशी मी पहिल्या दिवशी केली नाही. त्या हिवाळ्यात बाबांनी शेकडो अळ्या काढल्या, पण कोणाच्या हातातून खरोखर निघालं ते एकच, माझ्या वहिनींचं बोट.