शाळेच्या ओट्यावरचे घाव

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात लॉ कॉलेजचं मोफत कायदा सल्ला शिबिर शाळेच्या ओट्यावर भरलं होतं. केडगावची जास्मिन तिसऱ्या वर्षाला होती. तिच्यापुढं आरती बसली होती, नुकतीच ऊसतोडीवरून परतलेली. एक डोळा सुजून पार मिटला होता.

"नवऱ्यानं उसाच्या पाचटात पाडून तुडवलं," आरती म्हणाली. "मला त्याच्याकडं परत जायचं न्हाई."

जास्मिन तिचा अर्ज लिहीत होती, तेवढ्यात अंगद, आरतीचा नवरा, कोयता घेऊन फाटकातून आत घुसला.

"घरातलं गावात मांडतीस व्हय?"

आरतीनं हात आडवा धरला म्हणून मान वाचली. कोपराखाली हाडापर्यंत चिरलं. शिबिर घेऊन आलेल्या पंकजा मॅडम मधे पडल्या, तर त्यानं त्यांना खांबावर आदळलं.

जास्मिननं लोखंडी खुर्ची उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. कोयता सुटला, अंगद आडवा झाला. ती थांबली नाही. पुन्हा तोंडावर, पुन्हा बरगडीत. जबडा मोडल्याचा आवाज झाला आणि तिला बरं वाटलं. मॅडमनी मागून कंबरेला मिठी घातली, तेव्हा कुठं खुर्ची हातातून गळाली.

दवाखान्यात फौजदार आले. मॅडमच्या डोक्याला पट्टी होती. "आपले वकील येईपर्यंत गप्प राहा," त्या म्हणाल्या.

"तो पडला होता, मॅडम. तरी मी मारत होते."

"बघितलंय मी."

फौजदारांनी आरतीला विचारलं, "पडल्यावरही मारत होती का ही?"

टाके घातलेला हात छातीशी धरून आरतीनं जास्मिनकडं बघितलं. "व्हय, मारत हुती. मी बघत हुते. थांब म्हनले न्हाई. ते बी लिहा."

अंगद कोठडीत गेला. जास्मिनला जामीन मिळाला, पण गुन्हा तिच्यावरही दाखल झाला. मॅडमचे जुने विद्यार्थी, वैजनाथ वकील, दोघींच्या बाजूनं फुकट उभे राहिले.

पहिल्या तारखेला पोलीस अंगदला कोर्टाच्या व्हरांड्यातून घेऊन गेले. जबडा तारेनं बांधलेला, हनुवटीवरून लाळ गळत होती. जास्मिनला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच संताप आला. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

आरती बाकावर तिला खेटून बसली. "भ्या वाटतंय त्याचं?"

"त्याचं नाही, माझंच," जास्मिन म्हणाली.

पुकारा झाला, तशा दोघी उठल्या.