खालच्या माणसाचा शब्द

मी एक जुना दोर आहे. अंगठ्याएवढा जाड, रंगानं मळकट, आणि अंगभर वाळलेल्या रंगाचे शिंतोडे. सध्या अंगणातल्या झाडाच्या फांदीवरून लोंबतो आहे. इथे कसा आलो, तेच सांगायचं आहे.

मित्रांनो, माझं कूळ आधीच सांगून टाकतो, मागाहून कळलं तर नाकं मुरडाल. गांजा ज्या झाडाचा, त्याच जातीच्या झाडाचा मी. पानाफुलांशी माझा संबंध नाही, मी खोडाच्या सालीचा. ती साल पाण्यात भिजवून कुजवली, बडवली, विंचरली, मग तिच्या धाग्यांना पीळ दिला आणि मी तयार झालो. एकाच घरात एक जण कामाला लागतो आणि दुसरा लोकांची डोकी फिरवतो, तसलाच हा प्रकार समजा.

मला विकत घेतलं एका रंगाऱ्यानं. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवण्याचं काम करायचा तो. त्याला सगळे दादा म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊ सारखा त्याच नावानं हाका मारायचा. कामाची रीत साधी होती. गच्चीवर कप्पी बसवायची. माझ्या एका टोकाला बसायची फळी, दुसरं टोक खाली, जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाला वळसे देऊन धाकट्याच्या हातात. दादा गच्चीच्या कठड्यावरून फळीवर बसायचा आणि धाकटा त्याला वीत वीत खाली सोडायचा.

पण त्याआधी एक गोष्ट व्हायचीच. धाकटा वळसे घट्ट करायचा, मग पाय उचलून स्वतःचं सगळं वजन माझ्यावर टाकून लोंबकळायचा. दादा वरून ओरडायचा, "धरलं?" धाकटा म्हणायचा, "धरलं." तेव्हाच दादा कठडा सोडायचा. खालचं त्याला वरून दिसायचं नाही. आमच्या कामात दुसरा दोर नव्हता, खालच्या माणसाचा शब्द हाच दुसरा दोर.

ते दिवस फार छान होते हो! दादा संध्याकाळी फडक्यानं मला पुसायचा, ओला असलो तर वाळत घालायचा. जेवायच्या सुट्टीत धाकट्याला माझे वळसे सोडून ठेवायला लावायचा, म्हणायचा की त्यालाही जरा अंग मोकळं करू दे. घरी बायकोनं विचारलं, भावापेक्षा दोराचीच काळजी जास्त का, तर हसून म्हणायचा, दोघांचीही सारखीच. त्याची लहान मुलगी, जिला घरात चिमणी म्हणायचे, माझ्या वेटोळ्यात बसून "धरलं? धरलं!" असं एकटीच खेळायची.

घरात म्हातारी आई होती. तिची हाडं इतकी दुखायची, की कूस बदलतानाही ती कळवळायची. औषधांनी गुण येईना. गांज्यानं तिला थोडी झोप लागते हे कळल्यावर धाकटा चोरून आणायला लागला. एकदा पकडला गेला आणि चिमूटभर पुडीपायी कोठडीत राहून आला. दादाच्या ते जिव्हारी लागलं. म्हणून गांजाबंदीचा कायदा बदलायची चळवळ सुरू झाली तेव्हा तिची घोषणा भिंतीवर रंगवायला दादाच पुढे झाला. माझ्यावर लोंबकळत त्यानं हातभर उंचीची अक्षरं काढली: 'माझं घर, माझा निर्णय'. आणि कायदा खरंच बदलला. मोठ्या माणसानं आपल्या घरात गांजा ओढला तर तो गुन्हा राहिला नाही, आणि तो दुकानातही मिळू लागला. त्या रात्री आई उघडपणे ओढून, कुणाला न भिता झोपली.

धाकट्यालाही हळूहळू गांज्याची सवय लागली. दादानं त्याला समोर बसवून सांगितलं, की घरात काय करायचं ते तुझं तू बघ, मी तुझा पहारेकरी नाही. पण ज्या दिवशी दोर हातात घ्यायचा, त्या दिवशी नाही. धाकट्यानं मान डोलावली आणि बरेच दिवस ते पाळलंही.

मग एका दुपारी, जेवायच्या सुट्टीत, दादा गच्चीवर सावलीत डबा खात असताना धाकटा इमारतीच्या मागे जाऊन आला. दोन झुरक्यांनी काय होतंय, असं त्याला वाटलं असणार. परत आला तो प्रसन्न होता, गुणगुणत होता. माझे वळसे सुटलेले होते आणि मी खांबापाशी सैल पडलो होतो. मी वाट बघत होतो, की हा आता मला गुंडाळेल, लोंबकळून बघेल.

वरून दादानं विचारलं, "धरलं?"

धाकट्याच्या डोक्यात सकाळचं लोंबकळणं अगदी ताजं होतं. सकाळचे वळसे, सकाळचा ताण, सगळं. त्याला ते आत्ताच केल्यासारखं वाटलं. तो खोटं बोलला नाही, मित्रांनो, हेच तर मला अजून सहन होत नाही. अगदी मनापासून तो म्हणाला, "धरलं."

दादानं कठडा सोडला.

मी कप्पीतून सणाणत गेलो. धाकट्यानं झेप घेऊन मला पकडलं, त्याच्या तळहातांची सालटं माझ्या अंगाला चिकटली, पण मी थांबलो नाही. दादा गेला. जागच्या जागी गेला.

लोक जमले, ठेकेदार आला. तो म्हणाला, दोर जुना होता, दगा दिला त्यानं. मी तर कुठेच तुटलो नव्हतो! पण कुणी मला उलगडून बघितलं नाही. हातांना पट्ट्या बांधलेला धाकटा मान खाली घालून गप्प उभा राहिला. मला माळ्यावर फेकलं, आणि धूळ खात मी तिथे पडून राहिलो. सगळं काम इमानानं करून वर बदनामी पदरात! पण खरं सांगू? दादा परत येणार असता तर तो आळ मी जन्मभर आनंदानं वागवला असता.

धाकट्याला मात्र तो वागवता येईना. त्याला जेवण जाईना, गांजा तर त्या दिवसापासूनच सुटला होता. एक दिवस त्यानं मला माळ्यावरून काढलं, दादाच्या बायकोपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, त्या कायद्यानंच घात केला वहिनी, तो व्हायलाच नको होता.

वहिनी माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. आत म्हातारी आई कण्हत होती, आणि तिच्यासाठी गांजा आणायला आता वहिनी स्वतः दुकानात जायच्या.

"कायद्याला कशाला मध्ये आणता, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "ओढलात तर ओढलात. फक्त त्यांना सांगायचं होतंत, की 'दादा, आज माझ्या हाती दोर देऊ नकोस.' रागावले असते. पण घरी आले असते."

 उठून त्यांनी आईला पाणी पाजलं. धाकटा उंबऱ्यात बसून मोठ्यानं रडला.

परवा चिमणीनं हट्ट धरला झोक्याचा. वहिनी बाजारात गेल्या होत्या. धाकट्यानं मला फांदीवरून घेतलं, एका टोकाला बापाचीच फळी बांधली, दुसरं टोक बुंध्याला वळसे देऊन गाठ मारली. मग पाय उचलून लोंबकळून बघितलं. मग पुन्हा बघितलं. माझ्या अंगावरून त्याचे तळहात फिरले तेव्हा जुने वण मला लागले.

चिमणी फळीला हात लावून उभी राहिली आणि बापाच्याच सुरात तिनं विचारलं, "धरलं?"

काकानं तोंड उघडलं. हातात मी होतो, घट्ट, इतका घट्ट की त्याची बोटं पांढरी पडली होती. पण शब्द काही बाहेर पडेना. पोर वाट बघत राहिली. मग तिनं फळीवरचा हात काढून घेतला.

"राहू दे काका," ती म्हणाली. "आई आली की बसते."

मित्रांनो, मला फांदीवरून काढा, पुसून ठेवा, असं मी मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, आपल्या घरात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल, आणि ठरवायलाच हवं. पण कधी वरून कुणी विचारलं, "धरलं?" तर आधी आपल्या हाताकडे बघा. हात रिकामा असेल तर तसं सांगा. माणूस रागावेल, पण घरी येईल.