सातव्या पवित्र्यातले ठोके

मित्रांनो, मी एक जुना छातीपट्टा आहे. माझ्या आतल्या दोन रबरी चकत्या कातडीला टेकल्या, की हृदयाचा प्रत्येक ठोका मी टिपतो आणि कोपऱ्यातल्या संगणकाला कळवतो. त्याचा अर्थ लावणे माझे काम नव्हे. त्यासाठी विद्वान असतात.

हृदयविकारातून उठलेल्यांना रुग्णालयाच्या एका खोलीत युद्धकलेचे संथ पवित्रे शिकवत. सहा वर्षे मी तिथे राबलो. "इतका नेमका दुसरा नाही," असे शिक्षिका मला पुसताना म्हणे. मग एक गणितज्ञ आले. कोणत्या पवित्र्याला नाडी किती वाढेल, हे आधीच सांगणारे समीकरण त्यांनी रचले होते. त्याची वक्ररेषा फार देखणी होती. तिला अडचण होई ती फक्त माणसांची.

त्यातले एक म्हणजे निवृत्त पोस्टमनकाका. सातव्या पवित्र्यात, गुडघे वाकवून तळवे पुढे लोटताना, त्यांचे ठोके अडखळत. पाच दिवस, पाचही वेळा मी तसे कळवले.

"सर, काकांना इतक्यात पुढच्या, जलद पायरीवर नको," शिक्षिका म्हणाली.

"अहो, पट्टा जुना झालाय. समीकरणात असलं काही बसतच नाही," गणितज्ञ म्हणाले.

काका कपाळ पुसत हसले. "पट्टा म्हातारा, मीही म्हातारा. दोघांतला बिघडलेला कोण, तेवढं ठरवा म्हणजे झालं!"

ठरले. माझ्यावर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटली. नवा पट्टा यायला आठवडा होता. काका पट्ट्यावाचूनच पुढच्या पायरीवर गेले. तिसऱ्या दिवशी सातव्या पवित्र्यात वाकले, ते उठले नाहीत.

त्यांचे कापडी बूट न्यायला काकू आल्या. "कालच म्हणत होते, सर म्हणतात माझी रेषा झकास चाललीय," एवढेच बोलल्या. शिक्षिकेला मान वर करवली नाही.

सगळे गेल्यावर गणितज्ञांनी मला स्वतःच्या छातीवर बांधले आणि सातवा पवित्रा केला. मी त्यांचा एकही ठोका चुकवला नाही. पडद्यावर ते त्यांनी पाहिले. मग मला सोडून खणात ठेवले. चिठ्ठी तशीच राहू दिली. पुढे शोधनिबंधात एक ओळ छापून आली: 'उपकरणातील दोषामुळे एका रुग्णाच्या नोंदी वगळल्या.'

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणत नाही. माझे रबर झिजले आहे, आतल्या बाजूला काकांच्या घामाचा पांढरा डाग आहे, तो असू द्या. तुमच्या रेषेत न बसणारा ठोका खोडायला हात उचलाल, तेव्हा तो हात आधी त्या माणसाच्या छातीवर ठेवा.